लिफ्टच्या दारातून घडलेली माझी पाठ

मला खेळणं म्हणू नका, हे आधीच सांगून ठेवते. खेळणं दुकानातून येतं, दोन दिवस नाचतं आणि पलंगाखाली जाऊन पडतं. मी एक जुनी रिमोटची गाडी आहे, ट्रकच्या घाटाची, अंगाने चांगल्या पोसलेल्या कुत्र्याएवढी. आज मी खिडकीखालच्या फळीवर ऐसपैस बसले आहे. चाकं पुसलेली आहेत, पोटात बॅटरी आहे आणि डोक्यावर कुणाची बॅग नाही. मित्रांनो, भंगाराच्या ढिगातून उठून जी फळीवर येऊन बसते, तिला चार शब्द बोलायचा हक्क असतो. तो मी आता बजावते. ऐकायचं तर नीट बसून ऐका.

माझा जन्म एका खोक्यात झाला, आणि तोही अर्धवट. चाकं एका पिशवीत, स्प्रिंगा दुसऱ्या पिशवीत, स्क्रू तिसऱ्या पिशवीत. मला जोडून उभं केलं ते मिस्तरीने. तो कारखान्यात लेथवर काम करायचा. लोखंडाचा दांडा फिरता ठेवून त्याचे सुबक भाग कातायचे, हे त्याचं काम. सगळी गल्ली त्याला मिस्तरी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. आईला कुणी अहोजाहो करत नाही. ज्याने मला जोडलं त्याला मीही करत नाही.

त्याने मला जेवायच्या टेबलावर जोडलं. त्याची थोरली मुलगी तेव्हा शाळेत होती. ती एकेक स्क्रू पुढे करायची आणि तो न बघता हात पुढे करायचा. त्याची बायको, म्हणजे आमची घरधनीण, पदर खोचून मागे उभी असायची.

"या टेबलावर माणसं जेवणार आहेत की चाकं?"

"अगं, झालंच आता."

"तुमचं 'झालंच' ऐकत माझे केस पिकले. ही माझी सवत आहे सवत, सांगून ठेवते."

तेव्हापासून तिने मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. मला राग आला नाही. सवत म्हणवून घ्यायलाही बरोबरीची लागते.

माझ्या पोटात तेव्हा छोटं इंजिन होतं. त्याला खास इंधन लागायचं, त्याचा वास घरभर फिरायचा, आणि ते सुरू झालं की निळा धूर आणि असा आवाज, की खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीने छत ठोकायची. सुट्टीच्या दिवशी मिस्तरी मला पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत न्यायचा. मातीचे उंचवटे, खड्डे, फुटक्या विटा, काही म्हणून मी बघितलं नाही. मी आले की कुत्री बाजूला व्हायची. लोक चहाचे पेले हातात घेऊन उभे राहायचे. "गाडी नाही, वाघीण आहे ही," असं गल्लीतला न्हावी म्हणाला होता. त्याला कात्रीशिवाय काही कळत नसलं तरी एवढं मात्र बरोबर कळलं.

कौतुक फार झालं की चाकं जमिनीवर राहत नाहीत. एकदा कठड्यावरून उडी मारताना मी पाठीवर आपटले आणि माझ्या चासीला मधोमध चीर गेली. चासी म्हणजे गाडीची पाठ, मित्रांनो. ज्या पत्र्यावर इंजिन, चाकं, गिअर सगळं बसतं तो पत्रा. वरचा रंगीत टप सगळ्यांना दिसतो, भार मात्र चासी वाहते. घरातही असंच असतं, कुणी लक्ष देत नाही ती गोष्ट वेगळी. मिस्तरीने चिरेवर पट्टी ठोकली. ठिगळ लागलं, पण मी पळत राहिले.

मग मिस्तरीला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. जन्मभर कारखान्यातला धुरळा छातीत साठला होता, त्याने आता हिशेब मागितला. डॉक्टरने सांगितलं, धूळ बंद, धूर बंद. संध्याकाळी घरधनीण माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, ही तरी राहील, नाही तर तुमचा श्वास तरी. काय ते आत्ता सांगा."

तिने मला पोत्यात घातलं आणि स्टुलावर चढून माळ्यावर ढकललं. त्या वेळी मी तिला मनातल्या मनात जे जे म्हटलं, ते पुस्तकात छापता येणार नाही.

माळ्यावर काय काळ जातो म्हणता! वर बॅग, बाजूला फुटकी बादली, पोटात उरलेलं इंधन सुकून डिंकासारखं झालेलं. एका कोळ्याने माझ्या पुढच्या चाकात घर केलं आणि वर मलाच पाहुणी समजू लागला. पण खालचं सगळं मला ऐकू यायचं. मिस्तरीचा खोकला हळूहळू कमी झाला. त्याचबरोबर त्याचं बोलणंही कमी झालं. जेवायला हाक मारली की "हं". फिरायला जाऊ म्हटलं की "हं". भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसायचा. थोरली आता मोठी झाली होती, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागली होती. एक दिवस ती स्वयंपाकघरात आईला म्हणाली, "तब्येत सुधारली आई, पण माणूस बिघडला."

घरधनीण बराच वेळ भांडी घासत राहिली. एकच भांडं घासत होती. मला वरून आवाजावरून कळत होतं.

पुढे ते घर सोडायचं ठरलं. थोरलीच्या कामाजवळ दोन खोल्यांची लहान जागा मिळाली होती. मिस्तरीने आपलं ड्रिल मशीन आणि पत्रा धरायचा व्हाईस शेजारच्या वेल्डरला देऊन टाकायचं कबूल केलं. एका शब्दानेही विरोध केला नाही. घरधनिणीने नियम केला, "चालतं ते येईल, बंद पडलेलं भंगारात." तिचा नियम म्हणजे दगडावरची रेघ. मला माळ्यावरून काढलं आणि दारापाशी ठेवलं. माझ्या एका अंगाला मोडका पंखा, दुसऱ्या अंगाला काड्या निघालेली छत्री. वाघीण छत्रीशेजारी! टेम्पो येईल त्याच वेळी भंगारवालाही येणार होता.

थोरली कामावरून आली आणि दारातच थांबली.

"आई, ही देऊ नकोस."

"चालते का?"

"इंजिनवर नाही चालणार. विजेवर चालवते हिला."

"धूर?"

"जरासुद्धा नाही."

घरधनिणीने तिच्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे बघितलं. "टेम्पो यायच्या आत चालली तर येईल. नाही तर मी कुणाचं ऐकणार नाही. माझ्या नव्या घरात मढी नकोत."

आतून मिस्तरीचा आवाज आला. "असू दे गं. तिचं झालं आता."

मला जिवंतपणी पोचवून मोकळा झाला तो. त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं कठड्यावरून पडूनही लागलं नव्हतं. पण आता विचार करते तर वाटतं, ते वाक्य तो माझ्याबद्दल बोलतच नव्हता. घरधनिणीला ते तेव्हाच कळलं असावं. नाही तर तिने थोरलीला मुदत दिलीच नसती.

माझ्या जुन्या चासीचा काही उपयोग नव्हता. चिरलेली, ठिगळ लावलेली, आणि मधोमध इंजिनासाठी मोठं भगदाड पाडलेलं. बॅटरी ठेवायला तिथे जागाच नव्हती. नवी चासी बनवायलाच हवी होती. थोरलीने कामावरून जुन्या लिफ्टच्या दाराचा जाड ॲल्युमिनियमचा पत्रा मागून आणला. एकच तुकडा, त्यात एकच चासी निघेल एवढा. मोटर आणि बॅटरी बाजारातून आणली. तिने मला कागदावर ठेवून माझं माप काढलं. इथे पुढची चाकं, इथे गिअरची पेटी, इथे मोटर आडवी, इथे बॅटरी. मग तो सगळा पसारा घेऊन मुद्दाम मिस्तरीच्या पलंगासमोर बसली आणि पत्र्याची कड कानसीने घासायला लागली. मिस्तरीने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. कान मात्र वळले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "कानस अशी धरतात का? दात घासते आहेस?"

"मग कशी धरतात?"

"आण इकडे."

ती खरंच तशी धरत होती की सोंग करत होती, हे मला आजही ठाऊक नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलीला कानस धरता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. पण मिस्तरी उठला. घरधनीण ओलं फडकं घेऊन आली आणि त्याच्या नाकातोंडावर करकचून बांधलं. "एक कण आत गेला तर दोघांना बाहेर काढीन, बापलेकीला आणि या सवतीलाही." खिडक्या उघडल्या, पत्र्यावर पाणी शिंपडत काम सुरू झालं. मिस्तरीने थोरलीचा कागद पत्र्यावर चिकटवला, प्रत्येक भोकाच्या जागी खूण ठोकली, भोकं पाडली. मग प्रत्येक भोकाच्या तोंडाशी वाटीसारखा खळगा केला, म्हणजे स्क्रूचं डोकं त्यात बुडून बसेल आणि चासीचं पोट जमिनीला कुठे अडणार नाही. त्याचे हात तेच होते. पूर्वी हलायचे नाहीत, आता जरा हलत होते, पण भोक जागच्या जागी पडत होतं. काम झालं तसा वेल्डर आला आणि ड्रिल मशीन, व्हाईस दोन्ही घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे टेम्पो यायच्याच दिवशी, सकाळी जोडणी सुरू झाली. थोरलीने पहिला स्क्रू खालून घातला आणि तिचा हात थांबला. स्क्रूचं डोकं बुडालं नाही. बाहेरच राहिलं. तिने पत्रा पालथा करून बघितला. सगळे खळगे वरच्या बाजूला होते.

"बाबा, खळगे पोटाकडून हवे होते."

"पोटाकडूनच केलेत."

"ही वरची बाजू आहे! कागदाची बाजू म्हणजे वरची बाजू. चित्र वरून काढलंय मी."

"वरून?" मिस्तरीला ते पटेचना. "चासी कुणी वरून बघतं का? चासीचं चित्र पोटाकडून काढायचं असतं. गाडी उलटी करायची आणि काढायचं. मी तर कायम तसंच काढत आलो."

"आम्ही लिफ्टचं सगळं वरून काढतो."

"मग ही काय लिफ्ट आहे? हिच्यात बसून चौथ्या मजल्यावर जाणार आहेस?"

"कागद चिकटवताना विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तू सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

दोघांचंही बरोबर होतं आणि माझी पाठ चुकली होती. दुसऱ्या बाजूने पुन्हा खळगे करायला मशीनच उरलं नव्हतं. आणि केले असते तरी भोकाच्या कडा दोन्हीकडून झिजून स्क्रूला धरायला काही राहिलं नसतं. दुसरा पत्रा नव्हता. खाली सामानाचे खोके रांगेत लागले होते. बापलेक एकमेकांकडे न बघता बसले. खरं सांगते, मी छत्रीशेजारी परत जायची मनाची तयारी केली.

मग मिस्तरीने पत्रा हातात घेतला. उजेडात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तो एका दमात एवढं बोलला. "पालथाच घालू. खळगे पोटाकडे येतील. डावं ते उजवं होईल, तर होऊ दे. पुढच्या चाकांची भोकं दोन्ही बाजूंना सारखीच आहेत, त्यांना काय फरक पडतो? बॅटरी डावीकडे होती ती उजवीकडे बसेल. राहिली मोटर. ती आणि गिअरची पेटी दोन्ही तोंड फिरवून बसवायची. बसतील. बघ, बसतील."

बसली की हो! एकेक स्क्रू खळग्यात असा बुडाला, की पोटावरून बोट फिरवलं तर कुठे अडू नये. जुनी चाकं, जुन्या स्प्रिंगा, जुना टप, आणि मध्ये नवी पाठ. आता कुणी शहाणा विचारेल, पाठच बदलली तर तू तीच कशी? अरे, नवे दात लावले म्हणून म्हातारी दुसरी होते का?

बॅटरी जोडली. मोटर आणि बॅटरी यांच्या मधल्या छोट्या डबीतून तीन तारा मोटरला गेल्या. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दारात भंगारवाला पोतं झटकत उभा राहिला. थोरलीने रिमोट मिस्तरीच्या हातात दिला. घरधनीण हात पुसत आली आणि चौकटीला टेकली. मिस्तरीने पुढे जायचा खटका दाबला.

आणि मी मागे गेले. साधीसुधी नाही, सुसाट. बरण्यांच्या खोक्यावर जाऊन आदळले. आत काहीतरी फुटलं.

"झालं!" घरधनीण म्हणाली. "पुढे म्हटलं की मागे. या घरातले सगळे असेच निघाले."

मिस्तरीने पुन्हा दाबलं. मी पुन्हा मागेच. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला. त्याने रिमोट हळूच खिडकीत ठेवला. "जाऊ दे. नाही होत आता आपल्याच्याने."

भंगारवाल्याने माझ्याकडे बोट केलं. "बाई, ही पण घेऊ ना?"

नियम घरधनिणीचा होता, मुदत तिची होती, टेम्पो खाली उभा होता. एरवी तिची जीभ टाळ्याला लागत नाही, आणि त्या क्षणी तिला 'घ्या' म्हणता येईना. ती मिस्तरीकडे बघत होती. तो पुन्हा पलंगाकडे निघाला होता, आणि पलंग तर सकाळीच खाली नेऊन ठेवला होता. रिकाम्या खोलीत तो नुसताच भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात थोरली हसली. अगदी खो खो. मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं.

"बाबा, अहो बाबा! मोटरचं तोंड फिरवलंत ना तुम्ही? मग ती उलटीच फिरणार! नव्या लिफ्टला पहिल्यांदा वीज जोडली की कितीदा असं होतं. वरचं बटण दाबलं की खाली जाते. म्हणून आम्ही काय लिफ्ट भंगारात घालतो?"

"मग काय करता?"

"तीनातल्या दोन तारांची अदलाबदल. बस्स."

तिने माझा टप काढला, दोन तारा सोडवल्या, याची त्याला आणि त्याची याला जोडली. एवढंच. मिस्तरीने खिडकीतला रिमोट उचलला, खटका दाबला आणि मी पुढे निघाले.

पुढे! रिकाम्या खोलीतून, भंगारवाल्याच्या दोन पायांमधून, दाराबाहेर, लांब व्हरांड्यात. आवाज म्हणाल तर नुसता सुंऽऽ असा. मागून मिस्तरी भराभरा येत होता. व्हरांड्याच्या टोकाला मी गर्रकन वळले आणि त्याच्या चपलेला धडकले. तो वाकला आणि त्याच्या छातीतून खर्र आवाज आला. घरधनीण जागच्या जागी थिजली. थोरलीही. पण तो खोकला नव्हता. हसायची सवय मोडली होती ना, म्हणून हसू अडखळत येत होतं. ते ओळखल्यावर घरधनिणीने भिंतीला टेकून डोळे मिटले. तिचा जीव भांड्यात पडला. माझाही.

मग तिने एक गोष्ट केली, ती मी जन्मात विसरणार नाही. ती गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली, माझ्या तोंडाशी नाक आणलं आणि हुंगलं. मागून हुंगलं. पोटाखालून हुंगलं.

"वास नाही."

"नाहीच येणार आई."

"धूर नाही?"

"कुठून येणार?"

ती उठली. भंगारवाला अजून उभाच होता. "बाई, मग ही?"

"हिला हात लावाल तर बघा. पंखा उचला, छत्री उचला आणि वाट धरा."

इतकी वर्षं मी हिला शत्रू समजत होते, मित्रांनो. तिचं भांडण माझ्याशी नव्हतंच. ते माझ्या धुराशी होतं. मी उगाच मनाला लावून घेतलं, आणि माळ्यावर कोळ्यापाशी तिची निंदा करत बसले.

आता नवं घर लहान आहे, पण खाली फरसबंद वाट आहे. रोज संध्याकाळी मिस्तरी मला तिथे पळवतो आणि मागे मागे स्वतः चालतो. घरधनीण गॅलरीतून ओरडते, "अहो, आज मुक्काम तिथेच का?" शेजारची मुलं येऊन विचारतात, तेव्हा मिस्तरी मला उलटी करतो आणि टप न दाखवता पोट दाखवतो. "ही चासी. लिफ्टच्या दाराची. चुकीच्या बाजूने केलेली." त्याला चुकीचासुद्धा अभिमान! मग चासीचं चित्र वरून काढायचं की खालून, यावर बापलेकीचं पुन्हा जुंपतं. जुंपू दे. ज्या घरात "हं" ऐकू यायचं तिथे भांडण म्हणजे मेजवानी आहे.

तेव्हा माझं मागणं ऐका. तुमच्या घरातली जुनी वस्तू बंद पडली तर ती का बंद पडली ते आधी विचारा. भंगारवाला काय, उद्याही येतो. चिखल ओला असतानाच पुसा. खेळून झालं की बॅटरी काढून ठेवा. आणि बॅटरी चार्ज होत असताना तिला एकटी सोडून जाऊ नका, कारण ती तापली तर आग लागू शकते. हे थोरलीने पहिल्याच दिवशी नव्या घरात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली कामावर निघून गेली. मिस्तरी अजून झोपेत होता. त्याच्या पलंगाचं तोंड आता खिडकीकडे आहे. मी फळीवर होते आणि माझी बॅटरी खाली फरशीवर चार्जरला लावलेली होती. तिच्यासमोर पाट टाकून घरधनीण बसली होती. पुढ्यात भाजी निवडायला घेतली होती, पण लक्ष भाजीत नव्हतं. चार्जरवरचा लाल दिवा हिरवा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.